मोरबे धरण मुलांना दाखवायचं आहे, कोणी सहकुटुंब जाऊन आलंय का?

नेरुळकरीण

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत दोन दिवस पाणी फार कमी दाबाने आलं. वॉचमनदादा प्रत्येक दाराची बेल वाजवून "बादल्या भरून ठेवा" सांगून गेले. लेक चौथीत आहे. ती मला म्हणाली, "आई, आपलं पाणी कुठून येतं?" मी म्हटलं, मोरबे धरणातून. लगेच पुढचा प्रश्न, "तू बघितलंयस?"

मी लग्न होऊन नवी मुंबईत नेरुळला आले त्याला २२ वर्षं झाली. इतकी वर्षं ज्या धरणाचं पाणी पितेय, ते मी एकदाही पाहिलेलं नाही. मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून डिसेंबरमधल्या एखाद्या शनिवारी सगळ्यांनी मिळून जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, लेक, सातवीतला भाचा आणि सासूबाई (वय ७१, गुडघ्यांचा त्रास आहे, पण यायची हौस मोठी). आत सोडतात का? परवानगी कुठे मागायची? म्हाताऱ्या माणसाला झेपेल का? डबा खायला जागा आहे का? ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पनवेलकर_७४

चौक गाव माहीत असेलच. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघायचं, चौकच्या आसपास आत वळायचं. सकाळी लवकर निघालात तर नेरुळहून तासाभरात पोहोचाल. आत सोडण्याबद्दल मात्र आधी विचारून घ्या. ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, बाग नाही.

---

घोडबंदरकर

ताई, तुम्हाला निदान एका धरणाचं नाव सांगता येतं. आम्हा ठाणेकरांना मुलांनी हा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायलाच पाच मिनिटं लागतात. ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. थोडं पाणी भातसा नदीवरच्या पालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, थोडं स्टेम या पाणीपुरवठा संस्थेकडून, थोडं एमआयडीसीकडून म्हणजे बारवीचं, आणि थोडं मुंबई महापालिकेकडून. चार ठिकाणचं पाणी एका शहरात. शाई आणि काळू या रखडलेल्या धरणांची नावं मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय, आता माझा मुलगा कॉलेजात आहे.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी पाच आपल्या बाजूला, ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांत आहेत. तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. मुंबईच्या हद्दीत फक्त विहार आणि तुळशी. त्या पाच तलावांच्या आजूबाजूच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. मुलांना धरण दाखवाल तेव्हा हेही दाखवा.

---

कळव्याची_ताई

मोरबेला गेले नाही, पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धरणावर गेलो होतो, नाव लिहीत नाही. कुठेही चौकशी न करता गेलो. पहारेकऱ्याने गेटवरूनच परत पाठवलं. गाडीत दोन लहान मुलं, सासरे, मोठा डबा, आणि दीड तासाचा परतीचा रस्ता. मुलं रडवेली झाली. राग आला होता, पण नंतर वाटलं चूक आमचीच. तेव्हा पनवेलकरांशी सहमत, आधी विचारा.

---

निवृत्त_पाणीवाला

नेरुळकरीण ताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी याच जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या कामात ३१ वर्षं काढली. त्यातली बरीचशी धरणं आणि जलशुद्धीकरण केंद्रांवर गेली. एवढ्या काळात "माझं पाणी कुठून येतं ते बघायचंय" असं म्हणत स्वतःहून आलेली कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मोरबे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे. धावरी पुढे पाताळगंगेला मिळते. काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं होतं, नंतर नवी मुंबई महापालिकेने ते विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका आपल्याकडे फार थोड्या आहेत. शेजारच्या शहरांत पाणीकपात असते तेव्हा नवी मुंबईला त्या मानाने कमी झळ लागते, त्याचं कारण हे.

आता भाच्यासाठी गणित. धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी ८८ मीटर असते आणि साठा १९०.८९ दशलक्ष घनमीटर. आम्ही बोलताना दलघमी म्हणतो. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर, म्हणजे ४५ कोटी लिटर. धरणात एकूण किती कोटी लिटर ते काढायचं, त्याला ४५ ने भागायचं. उत्तर दिवसांत येईल. मग त्याला विचारा, हे सगळंच्या सगळं पाणी वापरता येईल का? येणार नाही. तळाशी मृतसाठा राहतो, तो विहिरीच्या सगळ्यात खालच्या तोंडाच्याही खाली असतो. ही विहीर म्हणजे पाणी आत घेण्याचा मनोरा. शिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं, वाटेत गळती होते. पेपरात "धरणात ४० टक्के साठा" अशी बातमी येते तेव्हा तो आकडा उपयुक्त साठ्याचा आहे की एकूण, हे नक्की बघावं.

भाच्याने उत्तर काढलं की इथे लिहा.

परवानगीसाठी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला साधा लेखी अर्ज द्या. किती माणसं, कोणकोण, कुठली तारीख, कारण काय, सगळं लिहा. तीन-चार आठवडे आधी द्या. आणि माझं ऐकाल तर धरणाइतकंच भोकरपाड्याचं केंद्र बघायचा आग्रह धरा. धरणावर मुलांना नुसतं पाणी दिसेल, त्या पाण्याचं पुढे काय होतं ते केंद्रात दिसेल.

---

रानवाटा

इर्शाळगडाला जाताना मोरबेचा जलाशय दिसतो. गडाच्या नेढ्यापाशी, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकापाशी, बसलं की खाली निळं-हिरवं पाणी, एका बाजूला प्रबळगड, मागे माथेरानची रांग. मुलांना "हे पाणी येतं कुठून" समजावायला याहून चांगली जागा नाही. डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यांतून खाली येऊन एका खोऱ्यात कसा अडवलाय, ते वरून एका नजरेत कळतं. अर्थात सासूबाईंना घेऊन नाही, आणि चौथीतल्या मुलीला घेऊनही नाही. नेढ्याजवळचा टप्पा कठीण आहे.

त्याच गडाच्या उतारावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून वाडी गाडली गेली. माझ्या ओळखीच्या एका घरात आम्ही दर पावसाळ्यानंतर चहा घ्यायचो. जलाशयाकडे बघायला जाल तेव्हा मान वर करून त्या डोंगराकडेही बघा.

---

पनवेलकर_७४

रानवाटा, लिहिलंत ते बरं केलंत. त्या रात्री आमच्या भागातली पोरं चिखल तुडवत वर गेली होती.

---

कळव्याची_ताई

जवळचं काही हवं असेल तर दिघ्याला इलठणपाड्याचं ब्रिटिशकालीन धरण आहे, रेल्वेच्या मालकीचं. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं त्या काळातलं. ऐरोली-दिघ्याच्या मुलांनासुद्धा ठाऊक नसतं. तिथेही पाण्यात उतरू देऊ नका एवढीच विनंती.

---

घोडबंदरकर

पाण्यात उतरण्याचा विषय निघालाच आहे तर कळकळीने लिहितो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. एकमेकांना घट्ट धरून उभी होती. पावसाळ्यात गाढेश्वर, कोंडेश्वर अशा ठिकाणी दरवर्षी बंदी लागते आणि दरवर्षी लोक आडवाटेने आत शिरतात. "गुडघाभर तर पाणी आहे" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, सांडव्याखाली मुलाला उभं करून फोटो काढणाऱ्या बापाच्या तोंडून. मी जाऊन त्यांना बाहेर बोलावलं. ते रागावले. मला अजूनही वाटतं की मी बरोबर केलं.

---

निवृत्त_पाणीवाला

घोडबंदरकर, तुम्ही शंभर टक्के बरोबर केलंत.

नदीचा काठ आणि धरणाचा काठ यांत फरक आहे, तो मुलांना सांगायला हवा. जलाशयाची पातळी वर्षभर खाली-वर होत राहते. पाणी उतरलं की मागे उरतो तो गाळ. वरून सुकून भेगा पडलेल्या दिसतात, पण पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो. त्याच्या पुढे जमीन एकदम खाली जाते, कारण तिथे पूर्वीच्या ओढ्याचं पात्र असतं किंवा बांधकामासाठी माती काढलेला खड्डा. पोहता येणारा माणूसही तिथेच फसतो. सांडव्याच्या पायथ्याशी पाणी जागच्या जागी गरगरतं, त्यात सापडलेला बाहेर फेकला जात नाही.

बारवीचं उदाहरण देतो. तिथले दरवाजे स्वयंचलित आहेत. पातळी ७२.६० मीटरला पोहोचली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. कोणी बटण दाबत नाही, नदीत कोण उभं आहे ते कोणी बघत नाही. म्हणून धरण भरत आलं की काठच्या गावांना आधीच इशारा देतात. खाली नदीत ऊन पडलेलं असतं, पाऊस मात्र वर डोंगरात पडत असतो.

---

बारवीकाठ

बारवीचं नाव आलं म्हणून लिहितेय. एरवी मी नुसती वाचते.

माझं आजोळ बारवीच्या पाण्यात गेलं. पहिल्यांदा १९७० च्या दशकात धरण झालं तेव्हा खालची शेतं गेली. मग उंची वाढवली तेव्हा उरलेली घरं. वाढीव उंचीनुसार २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा भरलं. साठा २३४ वरून ३३८ दलघमीच्या पुढे गेला, पेपरात मोठे फोटो आले, लोकांनी एकमेकांना पेढे दिले. त्या दिवशी माझी आत्या बदलापूरच्या खोलीत न जेवता बसून होती.

मी कोणाला दोष देत नाही. आज मीही ठाण्यात भाड्याने राहते आणि माझ्या नळाला बहुतेक तेच पाणी येतं. पण "धरण बघायला" येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं असं मनापासून वाटतं, की समोर दिसतं ते नुसतं पाणी नाही. मे महिन्यात पातळी खाली गेली की काठावर जुने बांध दिसायला लागतात. आत्या चालत जाते आणि बोट दाखवते. इथे आंबा होता, इथे आमचा गोठा, इथून विहिरीला वाट. मला नुसता चिखल दिसतो. तिला पायऱ्या दिसतात, ती पाय त्या अंतरानेच टाकते.

---

नेरुळकरीण

बारवीकाठ, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या मावळातल्या. म्हणाल्या, "आमच्याकडेही असंच झालं होतं." आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

काका, भाच्याचं उत्तर: १९,०८९ भागिले ४५, म्हणजे ४२४ दिवस. मृतसाठा आणि बाष्पीभवन धरून "वर्षभर जेमतेम" असं त्याने वहीत लिहिलंय. बरोबर का?

आज अर्ज दिला.

---

निवृत्त_पाणीवाला

अगदी बरोबर. त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. म्हणजेच एक पावसाळा बिघडला तर पुढच्या उन्हाळ्यात कपात आलीच. जूनमध्ये आमच्या लोकांचं लक्ष आकाशाकडे का असतं, ते आता त्याला सांगावं लागणार नाही.

---

नेरुळकरीण

मंडळी, परवा शनिवारी जाऊन आलो. वृत्तांत लिहिते, जरा मोठा आहे.

परवानगी मिळाली ती भोकरपाड्याच्या केंद्रापुरती. धरणाच्या भिंतीवर जायला मिळालं नाही, त्याची खंत नाही. जलाशय रस्त्यावरून, लांबूनच पाहिला. सात वाजता निघालो, पनवेलला उपमा-चहा, साडेआठला केंद्राच्या दारात.

सगळ्यात जास्त वेळ मुलं प्रयोगशाळेत रमली. एका यंत्रात काचेची सहा भांडी ओळीने ठेवलेली, प्रत्येकात धरणातून आलेलं तेच पाणी. प्रत्येकात औषधाचं प्रमाण थोडं थोडं वाढवत नेलेलं. आपण घरी तुरटी फिरवतो तेच काम करणारं औषध. यंत्र सुरू झालं, सहा पाती एकदम फिरायला लागली. थोड्या वेळाने वेग कमी केला तेव्हा पाण्यात बारीक पांढरट पुंजके तरंगताना दिसले, पिंजलेल्या कापसासारखे. मग पाती थांबली आणि पुंजके हळूहळू तळाशी बसू लागले. तिथल्या ताईंनी विचारलं, "सांगा बरं, कुठलं भांडं सगळ्यात स्वच्छ?" लेकीने चौथं दाखवलं. ताई म्हणाल्या, "मग आज सगळ्या शहराच्या पाण्याला चौथ्या भांड्याचं प्रमाण." लेक माझ्याकडे बघत राहिली. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं तेव्हा हा प्रयोग दिवसातून कितीतरी वेळा करावा लागतो म्हणे.

पुढे गाळ खाली बसायचे मोठे हौद, वाळूचे फिल्टर, शेवटी क्लोरीन. एका फिल्टरची धुलाई चालू होती. खालून उलटं पाणी सोडतात, वाळू उकळल्यासारखी वर येते आणि पाणी तपकिरी होतं. भाच्याने विचारलं, "हे धुतलेलं पाणी कुठे जातं?" याचं उत्तर ऐकायला आम्ही सगळे थांबलो. त्यांनी नीट वेळ काढून समजावलं. कोणीही घाई केली नाही, याबद्दल तिथल्या सगळ्या माणसांचे मनापासून आभार.

मग चौकच्या पुढे जाऊन जलाशय. सासूबाईंसाठी घडीचं स्टूल नेलं होतं, ते रस्त्याकडेच्या सावलीत मांडलं. पाणी काठोकाठ नव्हतं. काठाला झाडं संपतात आणि पाणी सुरू होतं त्यामध्ये एक उघडा मातकट पट्टा सगळ्या जलाशयाभोवती फिरलेला. भाचा म्हणाला, "पावसाळा संपल्यापासून आपण प्यायलो ते एवढं." मला हे सुचलं नसतं.

सासूबाईंनी पिशवीतून नारळ, ब्लाउजपीस, हळदकुंकू काढलं. मला न सांगता आणलं होतं. पाण्याची ओटी भरायची होती. मी जरा घाबरत सांगितलं, "आई, हे पिण्याचं पाणी आहे, त्यात काही टाकायचं नसतं." मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "मग मी कशाला टाकीन? नदी काय पदर पसरून बसलीये?" काठापासून दूर, बसल्या जागेजवळच्या एका दगडाला कुंकू लावलं, नारळ त्याच्यासमोर धरला, डोळे मिटले आणि परत पिशवीत ठेवला. ब्लाउजपीस खालच्या पाड्यावरून लाकडं घेऊन येणाऱ्या एका बाईंना दिला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. त्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे बोअरला पाणी मार्चपर्यंत टिकतं. समोर अख्खा जलाशय होता. लेकीने ते ऐकलं आणि परतताना गाडीत तोच विषय. त्यांना आपल्यातलं का देत नाहीत? मी आणि तिचा बाबा, दोघांकडेही धड उत्तर नव्हतं. घोडबंदरकर, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं, ते असं समोर आलं.

डबा जलाशयाजवळ खाल्ला नाही. आधीच ठरवलं होतं. चौकला येऊन एका हॉटेलात विचारून त्यांच्याच बाकांवर बसलो. प्लॅस्टिक घरून नेलंच नव्हतं. काठावर वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या इतक्या पडलेल्या दिसल्या की लेक म्हणाली, "हे सगळं आपल्या नळात येणार?" येणार नाही हे तिला आता माहीत आहे, चौथं भांडं आहे. तरी ती म्हणाली, आणि मला ते बोचलं. भाचा आणि त्याचा मामा एक गोणी भरून घेऊन आले.

इर्शाळगडाचं नेढं खालून दिसलं. थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

नारळ रविवारी फोडला, सगळ्या मजल्यावर खोबरं वाटलं.

---

पनवेलकर_७४

ताई, वाचून डोळे भरून आले. गोणी भरून कचरा उचललात, आम्ही इथे राहून उचलत नाही. जानेवारीत आमच्या गल्लीतल्या मुलांना घेऊन देहरंगला, गाढेश्वरच्या धरणावर जाईन. पनवेलचं काही पाणी तिथलं. पाण्यापासून लांब, फक्त काठाची साफसफाई.

---

निवृत्त_पाणीवाला

लेकीचा प्रश्न टाळू नका. धरणाच्या कुशीतल्या पाड्यांना पाणी देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नसतं. अवघड असतं ते योजनेत त्यांचं नाव येणं. माझ्या नोकरीत मी दोन पाड्यांसाठी तशी टिपणं लिहिली होती. एकाचं काम झालं, एकाचं माझ्या निवृत्तीपर्यंत झालं नाही. ती फाइल अजून आठवते. लेकीला म्हणावं, महापालिकेला पत्र लिही. मुलांची पत्रं वाचली जातात, हे मी पाहिलंय.

---

घोडबंदरकर

पत्राचा मसुदा इथे टाका. आमच्या इमारतीतली मुलंही सह्या करतील. आम्ही फेब्रुवारीत तानसाला जायचं म्हणतोय, परवानगीचं आधी बघतो. १८९२ चं दगडी धरण, आजही मुंबईला पाणी देतंय, आणि भोवती अभयारण्य.

---

नेरुळकरीण

लेक लिहायला बसलीय. पहिलं वाक्य: "आम्ही तुमचं पाणी पितो, त्या काकूंना पण द्या." बाकीचं खोडून परत लिहिणं चालू आहे. झालं की टाकते.

---

बारवीकाठ

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मे महिन्यात पाणी खाली गेलं की बारवीला या. काठापर्यंत गाडी जात नाही, पण वरच्या वाटेवरून दिसतं. आत्याला कालच विचारलं. ती म्हणाली, त्या आजींना सकाळी लवकर आणा, ऊन चढायच्या आत मी त्यांना आंब्याची जागा दाखवते.